डाव्या खुर्चीतला लाल दिवा

दांडी छातीवर येऊन टेकली होती, आणि बाई काही बोलत नव्हत्या.

बेंच प्रेसच्या स्पर्धेला सभागृहात तीनेकशे माणसं होती. या क्षणी खोकू नये असा कुठेही लिहिलेला नियम नाही, तरी कोणी खोकत नव्हतं. बाकावर उताणा पडलेला माणूस अठ्ठावन्न वर्षांचा, त्याच्या छातीवर एकशे साडेबावीस किलो लोखंड, आणि त्याच्या डोक्यापासून चार पावलांवर, मुख्य पंचाच्या खुर्चीत, दंतवैद्य बाई. त्यांनी ‘प्रेस’ म्हटल्याखेरीज ते लोखंड वर ढकलण्याची मुभा नव्हती. दांडी छातीवर पूर्ण निश्चल झाली की पंचाने तो शब्द उच्चारायचा, एवढंच नियमावलीत आहे. निश्चल कशाला म्हणायचं, हे मात्र ज्याने त्याने आपापल्या आयुष्यातून ठरवायचं असतं. बाईंची उभी हयात माणसांना तोंड उघडं ठेवून ताटकळत ठेवण्यात गेली होती. घाई या गोष्टीशी त्यांची ओळखच नव्हती.

डावीकडच्या खुर्चीत चष्मेवाला बसला होता. त्याचा अंगठा बटणापासून बोटभर दूर होता. बाकावर पडलेला माणूस त्याचा सख्खा थोरला भाऊ, सगळ्या व्यायामशाळेचा दादा. चष्मेवाला त्याची छाती पाहत नव्हता, थरथरणारी मनगटंही पाहत नव्हता. भावाच्या डोक्याची मागची बाजू आणि बाकाचं काळं रेक्झिन जिथे एकमेकांना भेटतात, तेवढी एक जागा तो पाहत होता. तिथे फट पडली तर प्रयत्न बाद. अजून फट नव्हती. फट नसणं इतक्या एकाग्रतेने पाहणारा दुसरा माणूस त्या सभागृहात नव्हता, आणि हेच त्याचं दुर्दैव होतं.

कारण चष्मेवाला त्या दिवशी पंच नव्हता. पंच होऊ पाहणारा उमेदवार होता. पन्नास प्रयत्न त्याने खुर्चीत बसून पाहायचे, प्रत्येकाला, मान्य तर पांढरा आणि बाद तर लाल, दिवा द्यायचा, आणि त्याचा दिवा उरलेल्या दोन पंचांच्या दिव्यांशी किती वेळा जुळला यावर त्याचं प्रमाणपत्र अवलंबून. दोनदा बिनसलं तर चालतं. तिसऱ्यांदा बिनसलं की नापास. परीक्षा दोन वर्षांतून एकदा होते आणि पंचेचाळिशीनंतर कोणाचा अर्ज घेत नाहीत. तो चव्वेचाळीस वर्षांचा होता, दोनदा आधीच बिनसलं होतं, आणि हा एकोणपन्नासावा प्रयत्न होता.

भाऊ बाकावर आणि भाऊ खुर्चीत, हे चालतं का, असं त्याने सकाळीच विचारलं होतं. बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. “इथे सगळेच कुणाचे ना कुणाचे आहेत. नातेवाईक वगळायचे म्हटले तर खुर्च्यांवर धूळ बसेल.” उजव्या खुर्चीतला पंच बेकरीवाला होता, त्याचे दोन पुतणे आजच्याच यादीत होते. “मी पुतण्यांना हमखास लाल देतो,” तो म्हणाला. “तेवढाच घरी धाक राहतो.”

ती दोन बिनसणी मात्र चष्मेवाल्याच्या मनाला लागून राहिली होती, कारण त्यांत चूक त्याचीच होती. पहिल्यांदा एका टपालवालीचं बूड प्रेस करताना बाकावरून स्पष्ट उचललं गेलं. दोघांनी लाल दिला. याने पांढरा, कारण तिचं डोकं हललं नव्हतं. दुसऱ्यांदा एका गवंड्याचा पाय घसरून टाच वर आली, बूट वाजला, मागच्या रांगेपर्यंत ऐकू गेला. याने पांढरा दिला. गवंड्याचं डोकं पाटीवर कोरलेल्या अक्षरासारखं स्थिर होतं. बाईंनी कागदावर दुसरी फुली मारली आणि हळूच विचारलं, “तुम्ही माणसाला मानेपासून खाली ओळखतच नाही का?”

ओळखत नसे, हे खरं होतं; तशी त्याला सवयच लावली गेली होती.

दादा जन्मभर पाणीपुरवठ्याच्या पंपघरात नोकरी करत आला आणि संध्याकाळी, कोळशाच्या जुन्या वखारीत काढलेल्या व्यायामशाळेत, लोकांची डोकी बाकावर ठेवत आला. ‘डोकं उचललं, लिफ्ट गेली’ अशी पाटी त्याने स्वतःच्या हाताने रंगवून दारावर लावली होती. त्याची शिकवण्याची एक पद्धत होती. वर्तमानपत्राची दोन बोटं रुंद पट्टी तो शिकणाऱ्याच्या डोक्याखाली सरकवायचा, तिचं टोक हातात धरून बाकामागे उकिडवा बसायचा, आणि वजन वर जात असताना पट्टी ओढायचा. पट्टी फाटली पाहिजे. अखंड हातात आली तर डोकं उचललं गेलं होतं, आणि मग वजन कितीही वर गेलेलं असो, ते मोजायचं नाही. लोक वहीत किलो लिहीत. दादा फाटक्या पट्ट्या एका डब्यात साठवी आणि डबा भरला की शिकणाऱ्याच्या पाठीवर थाप मारी.

“डोकं वर करून बघायचंय काय?” तो विचारी. “दांडी तुझ्या छातीवर आहे, ती काही माहेरी जाणार नाही. डोकं उचललं की मान ताणते. मान ताणली की खांदे बाकावरून सुटतात. खांदे सुटले की पाठीची कमान बसते, आणि मग लोखंड कुठे जाईल ते लोखंडालाच माहीत. टाळू मागे दाब, नजर छतावर एका जागी ठेव, आणि देवाचं नाव घ्यायचं तर मनात घे, मान हलवून नको.”

नऊ वर्षांपूर्वी एकदा दादा पट्टी धरायला मागे नव्हता. कोणाशी तरी बोलत दाराशी उभा होता. धाकटा पंच्याण्णव किलो ढकलत होता, आयुष्यात पहिल्यांदाच, आणि अर्ध्या वाटेवर त्याने डोकं उचललं. दादा पाहतोय का, एवढंच त्याला पाहायचं होतं. मानेत वाळकी काडी मोडावी तसा आवाज झाला. वजन दोघांनी धावत येऊन उचललं. तेव्हापासून त्याच्या डाव्या हाताच्या शेवटच्या दोन बोटांत मुंग्या वस्तीला आल्या, त्या गेल्या नाहीत. डॉक्टरांनी बाक कायमचा बंद केला. उरलं ते चष्म्यांचं दुकान: अंधाऱ्या खोलीत एकामागून एक भिंग चढवायचं आणि विचारायचं, हे बरं दिसतं की हे?

तरी संध्याकाळी तो वखारीत जायचा, दाराजवळच्या स्टुलावर बसायचा. कोणी नवा आला की दादा त्याला बाकाशी नेण्याआधी स्टुलाशी आणायचा. “हा माझा धाकटा. डोकं उचललं की काय होतं ते आधी बघून घ्या.” नवा माणूस बघून घ्यायचा. काही जण सहानुभूतीने हात पुढे करीत आणि मग, कोणता हात दुखरा असेल या शंकेने, मागे घेत. नऊ वर्षं तो माणूस कमी आणि उदाहरण जास्त होता. दादाच्या मनात वाकडं काही नव्हतं. चांगला शिक्षक उदाहरण वाया घालवत नाही.

म्हणून ती खुर्ची हवी होती. प्रमाणपत्र मिळालं तर त्याला निळा कोट मिळणार होता, आणि निळ्या कोटातल्या माणसाला कोणी स्टुलाशी नेऊन दाखवत नाही. अर्ज भरला तेव्हा दादा हसला होता. “बस आता उंटावर, हाक शेळ्या.” पण अर्जावर शिफारस म्हणून सही त्यानेच केली, आणि खाली न विचारता एक ओळ जोडली: उमेदवाराची नजर उत्तम आहे.

“प्रेस,” बाई म्हणाल्या.

दांडी सुटली. पहिली वीतभर ती इतक्या सहज वर गेली की मागच्या बाकांवरून कोणीतरी हुंकार भरला. मग ती मंदावली. प्रत्येक प्रेसमध्ये अशी एक जागा असते, जिथे छातीचं बळ संपलेलं असतं आणि दंडांचं अजून जागं झालेलं नसतं. तिथे लोखंड माणसाला विचारून घेतं, की तू नक्की कोण. दादा त्या जागी पोचला. आणि त्याचं डोकं उचललं गेलं.

फार नाही, दोन बोटं. अर्धा सेकंद, कदाचित त्याहूनही कमी. पण रेक्झिनवर जिथे डोकं टेकलेलं होतं तिथे घामाचा एक ओला गोल उमटला होता, आणि तो गोल, वरच्या दिव्याखाली चकाकताना, चष्मेवाल्याने पाहिला. डोकं जागेवर असतं तर तो गोल दिसायचं काही कारणच नव्हतं. मग डोकं परत त्यावर आलं, कोपर सरळ झाले, दांडी वर थबकली. “रॅक,” बाई म्हणाल्या, आणि लोखंड खणकन बाकाच्या खांबांवरच्या आकड्यांत परत बसलं.

रंगमंच अरुंद म्हणून बाक तिरका मांडलेला होता. डोकं प्रेक्षकांच्या बाजूला, पाय मागच्या पडद्याकडे. बाईंच्या समोर दांडी झेलायला उभ्या असलेल्या माणसाच्या पोटऱ्या होत्या. बेकरीवाल्याच्या समोर लोखंडाच्या चकत्या होत्या. डावी खुर्ची तेवढी मोकळी होती. हे सगळं चष्मेवाल्याला त्या क्षणी दिसलं, दिवे पेटण्याआधी, आणि तिसरी फुलीही दिसली. खरं तर त्या अर्ध्या सेकंदात त्याला इतकं काही दिसलं की उत्तम नजरेचा तो शापच म्हणायचा. अंगठा खाली गेला तो विचार करून गेला नाही. नऊ वर्षांत कमावलेली जी एकच गोष्ट त्याच्यापाशी होती, ती त्याच्या परवानगीशिवाय कामाला लागली.

दोन पांढरे, एक लाल. लिफ्ट ग्राह्य.

टाळ्यांचा पाऊस पडला. नियमाप्रमाणे लाल देणाऱ्याला कारणाचं कार्ड वर धरावं लागतं. चष्मेवाला ते धरून बसला. तीनशे टाळ्यांच्या समोर एकट्याने कार्ड धरून बसणं हे निदान डाव्या हाताला झेपतं, एवढं त्याला त्या दिवशी समजलं. दादा उठून बसला, त्याने दिव्यांकडे पाहिलं, मग डाव्या खुर्चीकडे, आणि लग्नात कोणाचा धक्का लागला तर मोठ्या मनाने मान हलवावी तशी हलवली. पंचावन्न ते साठच्या गटात तो पहिला आला होता. पुढच्या महिन्यातल्या मोठ्या स्पर्धेसाठी त्याची निवड झाली होती.

पन्नासावा प्रयत्न एका शिंप्याचा होता. तीन पांढरे. तो कोणाच्याही लक्षात राहिला नाही.

रंगमंचामागच्या खोलीत बाई कागद आवरत होत्या. बेकरीवाला टेबलावर बसून बूट सोडत होता.

“आपलेच दात, आपलेच ओठ,” बाई मान वर न करता म्हणाल्या. “चावलंत जोरात.”

“डोकं उचललं होतं, बाई.”

“असेल.”

“दोन बोटं. घामाचा डाग दिसला मला खालचा.”

“दिसला असेल. मी खोटं म्हणत नाही.” त्यांनी टोपण लावलं. “पण माझ्यासमोर त्या झेलणाऱ्याच्या पोटऱ्या होत्या. मी जे पाहिलंच नाही त्याला लाल कशी देऊ?”

“मी वाकून बघणार होतो,” बेकरीवाला म्हणाला, “पण पाठ धरली. आता या वयात वाकलो तर तिथेच राहीन. शंका असली की फायदा उचलणाऱ्याला, असं पुस्तकात आहे. मग दिला फायदा.”

“म्हणजे तुम्हा दोघांना दिसलं नाही, आणि मला दिसलं, म्हणून मी नापास.”

“मंडळाची पद्धत अशी आहे,” बाई म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात पहिल्यांदाच काहीतरी हललं. “एकमत मोजायचं. नजर मोजायचं यंत्र आमच्याकडे नाही, ते तुमच्या दुकानात असेल. पहिल्या दोन फुल्या तुमच्या हक्काच्या आहेत, त्या मी खोडणार नाही. ही तिसरी...” त्या थांबल्या. “हे बघा. दिवे लागले ते लागले. निकाल बदलत नाही, पदक हलत नाही, निवड हलत नाही. पण परीक्षेचा कागद माझा आहे. उचलणाऱ्याने स्वतः इथे येऊन सांगितलं, की होय, डोकं सुटलं होतं, तर मी ही फुली खोडीन आणि शेजारी कारण लिहीन. ज्याचं डोकं त्याच्याहून चांगला साक्षीदार कोण? पाकीट चिकटवेपर्यंत वेळ आहे. मी चहा घेते आहे तोवर.”

“पदक त्याचंच राहणार?”

“सांगितलं ना.”

चष्मेवाला बाहेर आला तेव्हा त्याला हलकं वाटत होतं. इतक्या स्वस्तात सुटका होईल असं त्याला वाटलं नव्हतं. दादाचं काहीच जाणार नव्हतं, एक वाक्य सोडून. त्या वाक्याचीही दादाला तालीम होती. गेली वीस वर्षं तो ते दुसऱ्यांच्या डोक्यांबद्दल रोज म्हणत आला होता. कपडे बदलायच्या खोलीपर्यंतचा मार्ग मोजून तीस पावलांचा होता आणि तेवढ्या अंतरात त्याने निळ्या कोटाच्या बाह्या किती लांब असाव्यात इथपर्यंत विचार केला.

खोलीत दादा बाकड्यावर बसून मनगटाच्या पट्ट्या उलगडत होता. पदक गळ्यात होतं. शेजारी वहिनी त्याचा घामेजलेला बनियन घडी घालत होत्या. वहिनी ओले कपडेसुद्धा घडी घालूनच पिशवीत ठेवत.

“या, भावजी,” त्या म्हणाल्या. “लावलेत दिवे.”

“अगं, राहू दे,” दादा म्हणाला. “पोटात एक, ओठात एक असा नाही तो. सख्ख्या भावाला लाल द्यायला छाती लागते. मघापासून सगळ्यांना तेच सांगतोय, मीच शिकवलंय त्याला. कान धरून शिकवलंय.” त्याने धाकट्याच्या गुडघ्यावर थाप मारली. “चुकलास. पण चुकायचं तर असं ताठ चुकावं.”

“मी चुकलो नाही, दादा.”

“बरं, नाही चुकलास.” दादा हसला. आज तो कोणालाही काहीही द्यायला तयार होता. “ऐक, तुला सांगतो. पहिल्या वीतभर काही कळलंच नाही, लोणी. मग अडली. तिथे म्हटलं, संपलं, आता झेलणारा येतो. टाचा दाबल्या, पाय जमिनीत रुतवले. उजवा खांदा जरा कुरकुरला, त्याला म्हटलं घरी गेल्यावर बघू. हे सगळं केवढ्या वेळात? चिमूटभर. आणि तेवढ्यात मी काय बघतो, तर ही बाई.” त्याने अंगठ्याने वहिनींकडे खूण केली. “पडद्याला टेकून उभी, आणि तोंडावर पर्स. लाल पर्स, नवी. तीस वर्षं झाली, एकदा डोळे उघडून बघेल तर शपथ. मी इथे जीव काढतोय आणि ही पर्सची शिवण तपासतेय.”

“मला नाही बघवत,” वहिनी म्हणाल्या. “तुमचे ते डोळे, त्या मानेच्या शिरा. जरा काही झालं तर? म्हणून मी पडद्याशीच उभी राहते, तुमच्या पायांकडे. त्या बाई प्रेस म्हणाल्या की पर्स धरायची आणि टाळ्या पडल्या की काढायची. आधीचं बघते, नंतरचं बघते. मधलं तेवढं तुमचं तुम्ही बघा.”

“आजसुद्धा?” चष्मेवाल्याने विचारलं.

“आजसुद्धा म्हणजे? नेहमीच. प्रेस म्हणाल्या की वर, टाळ्या पडल्या की खाली.”

कुठे बसलं की काय दिसतं आणि काय दिसत नाही, यावर चष्मेवाल्याचं दुकान चालत होतं. बाकाला डोकं टेकवून पडलेल्या माणसाला छत दिसतं, छताचे दिवे दिसतात, वर जाणारी दांडी दिसते. आपल्याच पायांपलीकडच्या पडद्याला टेकून उभी असलेली बायको, तिच्या हातातली लाल पर्स आणि ती नवी आहे हे त्याला दिसायचं तर त्याचा एकच उपाय असतो, आणि तो उपाय दादाच्या वखारीच्या दारावर दादाच्याच अक्षरात निषिद्ध म्हणून लिहिलेला होता.

त्याला आनंद व्हायला हवा होता. झालं ते वेगळंच काहीतरी. तीस वर्षं जी बाई पाहत नाही ती आज तरी पाहते का, एवढंच बघायला तो माणूस एकशे साडेबावीस किलोखाली डोकं वर करून गेला होता. अशा कारणासाठी उचललेलं डोकं धाकट्याने एकदाच पाहिलं होतं, आणि ते त्याचं स्वतःचं होतं.

“दादा,” तो म्हणाला, “पर्स तुला कधी दिसली?”

“कधी म्हणजे? तेव्हाच. ती अडली तेव्हा...”

दादाचा हात पट्टीवर थांबला. उलगडलेलं टोक त्याच्या मांडीवर पडून राहिलं.

“अहो, काय झालं?” वहिनींनी विचारलं. “काही चुकलं का माझं?”

“नाही, वहिनी. तुमचं काही नाही.” चष्मेवाल्याने आवाज खाली आणला. समोरच्या माणसाला भिंगातून पाहताना तो आणायचा, तसा. “दादा, तुझं पदक तुझंच आहे. निवडही. मी बाईंना विचारून आलोय, दिवे बदलत नाहीत. त्या आत चहा घेतायत. माझ्या कागदावर तिसरी फुली आहे, तेवढी त्या खोडतील, पण त्यांना ते तुझ्या तोंडून ऐकायचंय. डोकं, मान, काही म्हणू नकोस. एवढंच सांग, की वहिनी तुला दिसल्या.”

दादाने पट्टीची गुंडाळी करायला घेतली. ती तो नेहमी घट्ट करायचा, नाण्यासारखी. आज ती दोनदा सुटली, मग त्याने तशीच पिशवीत कोंबली. वहिनी त्याच्याकडे पाहत होत्या, आणि या वेळी त्यांनी हातातलं काही डोळ्यांपुढे धरलं नाही. त्याने पदक गळ्यातून काढलं, ते कुठे ठेवावं असा त्याला प्रश्न पडला असावा, कारण ते त्याने एकदा खिशाशी नेलं, मग पिशवीशी, आणि शेवटी परत गळ्यात घातलं.

“पंचेचाळिशीनंतर अर्ज घेत नाहीत,” धाकटा म्हणाला. “तुला माहीत आहे. सही तूच केलीस.”

दादा उठला. पिशवी त्याने डाव्या खांद्यावर टाकली, कारण उजवा कुरकुरत होता. बाईंच्या खोलीकडे जायला डावीकडे वळावं लागतं. दाराशी तो क्षणभर थांबला, मागे वळून बघावं की नाही याचा विचार करणाऱ्या माणसाची मान जशी ताठ होते तशी त्याची झाली, आणि मग तो उजवीकडच्या जिन्याने खाली निघून गेला.